गुलाबी रंग मुलींचा, हे कोणी ठरवले?

वाचकांचे प्रश्न आणि समुपदेशकांची उत्तरे

गेल्या अंकात मुलांच्या खेळण्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी गुलाबी रंगाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर नागपुरातून आणि आसपासच्या गावांतून याच रंगाविषयी इतकी पत्रे आली की या महिन्याचे संपूर्ण सदर त्या एका विषयाला द्यावे, असे ठरवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. गेल्या वर्षभरापासून तिला फ्रॉक, चपला, डबा, केसांचे रबर, सगळे गुलाबीच लागते. शाळेचा गणवेश निळा आहे म्हणून रोज सकाळी रडारड होते. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलगा-मुलगी असा भेद आमच्या घरात कधी झाला नाही. मग हे तिच्यात आले कुठून? मुलींना हा रंग उपजतच आवडतो का? मी तो बंद करावा का?
— एक आई, मनीषनगर

उत्तर : उपजत म्हणावे असा पुरावा हाती नाही, आहे तो पुरावा शिकण्याकडे बोट दाखवतो. २०१० मध्ये ब्रिटनमधील वसंती जाडवा, मेलिसा हाइन्स आणि सुझन गोलोम्बोक या संशोधकांनी एक ते दोन वर्षांच्या बाळांपुढे रंगीत चित्रे ठेवून ती कशाकडे किती वेळ पाहतात हे मोजले. मुलगे असोत की मुली, दोघांचीही नजर निळ्यापेक्षा तांबड्या रंगावर अधिक वेळ टिकली आणि रंगाच्या बाबतीत दोघांत फरक आढळला नाही. बाहुली आणि मोटार यांच्या बाबतीत मात्र त्याच बाळांमध्ये फरक दिसला होता, हेही सांगायला हवे, कारण मुलगे आणि मुली यांच्यात लहानपणी कोणताच फरक नसतो असा दावा मी करत नाही. प्रश्न रंगाचा आहे आणि रंगाच्या बाबतीत तो फरक उशिरा येतो.

तो नेमका केव्हा येतो, याचे उत्तर पुढच्याच वर्षी व्हॅनेसा लोब्यू आणि ज्यूडी डीलोश यांच्या प्रयोगातून मिळाले. त्यांनी सात महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपुढे दोन-दोन लहान वस्तू ठेवल्या आणि प्रत्येक जोडीत एक वस्तू गुलाबी होती. दोन वर्षांच्या सुमारास मुली गुलाबी वस्तू मुलग्यांपेक्षा अधिक वेळा उचलू लागल्या, अडीच वर्षांपर्यंत ही आवड ठळक झाली आणि त्याच काळात मुलगे ती वस्तू टाळू लागले. अडीच वर्षे हे वय योगायोगाचे नाही. मूल स्वतःला ‘मी मुलगी’ किंवा ‘मी मुलगा’ म्हणू लागते ते याच सुमारास. परंतु मुलगी ही मुलगीच राहते, कपडे किंवा केस बदलल्याने ती मुलगा होत नाही, ही समज पक्की व्हायला पाच ते सात वर्षे वय उजाडावे लागते. मधल्या काळात मूल बाहेरच्या खुणांवर विसंबून असते. माझ्या खोलीत चार वर्षांच्या मुलांना मी एकाच चेहऱ्याची दोन चित्रे दाखवते. एकात केसांना क्लिप असते, दुसऱ्यात नसते. क्लिप असलेले चित्र ‘मुलीचे’ असे मुले ठामपणे सांगतात आणि तीच क्लिप मी दुसऱ्या चित्रावर सरकवली की काही मुले आपले उत्तर तत्काळ बदलतात. ज्या वयात क्लिपवर सगळे अवलंबून असते, त्या वयात गुलाबी फ्रॉक हा हट्ट नसून ‘मी कोण आहे’ याची हातात धरलेली खूण असते. तुमच्या मुलीची सकाळची रडारड या बाजूने पाहिली तर तिचा अर्थ लागेल.

राहिला प्रश्न घरात न शिकवता हे आले कुठून, याचा. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील मुलांच्या कपड्यांच्या कोणत्याही दुकानात उभ्या राहा. एका भिंतीवर गुलाबी, फिकट जांभळे, पिवळसर फ्रॉक, त्यांवर फुलपाखरे आणि परी. समोरच्या भिंतीवर निळे, राखाडी, हिरवे टी-शर्ट, त्यांवर मोटारी आणि डायनोसॉर. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘मुलगा की मुलगी’ आणि त्यानंतर वय. वाढदिवसाला आलेल्या भेटी, शाळेतल्या मैत्रिणींचे डबे, मोबाइलवरची गाणी, फार कशाला, महिलांसाठीच्या राज्य शासनाच्या ई-रिक्षा योजनेचेही नाव ‘पिंक’. मुलीला कोणी बसवून शिकवत नाही आणि तरीही ती रोज तेच वाचत असते.

ज्या ठिकाणी अशा भिंती नाहीत, तिथे काय होते, हेही पाहिले गेले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेरूतील शिपिबो, वानुआतूमधील टान्ना बेटावरील आणि काँगोमधील बायाका समाजातील मुलांची तुलना ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराच्या मुलांशी केली. गुलाबी रंगाच्या आवडीत मुलगे आणि मुली यांच्यात फरक सापडला तो फक्त ब्रिस्बेनमध्ये.

याच्या उलट बाजूने नेहमी दाखला दिला जातो तो २००७ चा, अन्या हर्लबर्ट आणि याझू लिंग यांचा. ब्रिटिश आणि चिनी तरुण-तरुणींना रंग निवडायला लावून त्यांनी दाखवले की स्त्रियांची पसंती तांबड्याकडे झुकते. आदिम काळात स्त्रिया पिकलेली फळे शोधत असल्यामुळे असे झाले असावे, ही कल्पनाही त्यांनीच मांडली आणि वर्तमानपत्रांनी ती सिद्ध झाल्यासारखी छापली. त्या प्रयोगातील सगळी माणसे वयाची विशी ओलांडलेली होती, म्हणजे दुकानातल्या त्या दोन भिंतींमध्येच वाढलेली होती. शिवाय स्त्री-पुरुष दोघांचाही सर्वांत आवडता रंगपट्टा निळ्याच्या बाजूचा होता, ही गोष्ट बातम्यांत क्वचितच येते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. रंग बंद करू नका. बंदी घातली की ‘मुलीची खूण’ वाईट असते एवढेच तिच्या मनात उतरेल आणि त्याची किंमत रंगाच्या हट्टापेक्षा फार मोठी आहे. बहुतेक मुलींचा हा टप्पा सात-आठ वर्षांपर्यंत आपसूक सरतो. काही जणी तर त्या वयात गुलाबीला हातही लावत नाहीत. तुम्ही लक्ष ठेवायचे ते रंगाबरोबर काय येते आहे यावर. गुलाबी फ्रॉकचा घेर सांभाळण्यासाठी ती घसरगुंडीवर चढणे टाळत असेल, ‘मळेल’ म्हणून मातीत बसत नसेल, तर त्या फ्रॉकऐवजी गुलाबी पँट द्या. एरिका वाइसग्राम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलींवर केलेल्या प्रयोगात एरवी ‘मुलग्यांची’ मानली जाणारी खेळणी गुलाबी रंगात आली की मुलींना ती हवीशी वाटू लागली. या निष्कर्षाचा उपयोग पालकांनी जरूर करावा: गुलाबी बॅट, गुलाबी स्क्रू-ड्रायव्हर, गुलाबी सायकल, पण सायकल खरी, पळवण्याजोगी. गणवेशाच्या निळ्यावर तोडगा म्हणून गुलाबी मोजे किंवा रुमाल शाळेला चालतो का, हे वर्गशिक्षिकेला विचारून घ्या.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाने शाळेसाठी गुलाबी पाण्याची बाटली निवडली. दुकानात मी काही बोललो नाही, पण घरी माझ्या वडिलांनी ‘पोरीसारखी बाटली’ म्हणून ती परत करायला लावली. मुलगा जेवला नाही. वडिलांचे बोलणे मला पटले नाही, तरी मनातून भीती वाटते की आत्ताच वळण लावले नाही तर पुढे तो बायकी होईल. हा रंग निसर्गतःच बायकांचा आहे, हे तर खरे ना?
— एक वडील, महाल

उत्तर : बाटलीचा रंग मुलाचे पुढचे आयुष्य ठरवत नाही. कोणाचा लैंगिक कल कसा असेल किंवा कोणाला स्वतःची ओळख स्त्री म्हणून वाटेल की पुरुष म्हणून, हे लहानपणच्या वस्तूंच्या रंगाने घडते असे मानायला कोणताही आधार नाही. तसा कल असलेल्या मुलाची बाटली निळी केल्याने तो बदलतही नाही. ‘बायकी’ या शब्दात जो कमीपणा आपण भरून ठेवला आहे, त्याविषयीही एक विनंती करते. त्या घरात तुमची पत्नी आहे, आई आहे. त्यांच्यासारखे असणे ही भीतीची गोष्ट आहे, हे पाच वर्षांच्या मुलाने त्या दिवशी ऐकले.

निसर्गाविषयी म्हणाल तर हा नियम फार तर शे-दीडशे वर्षांचा आहे आणि तोही सुरुवातीला डळमळीत होता. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील सुखवस्तू घरांत लहान मुलगे आणि मुली दोघांनाही पांढरे झगे घालत, कारण पांढरे कापड उकळून, सोड्यात घालून स्वच्छ करता येई. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ मधील छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात लांब केसांचा, झालरीचा पांढरा झगा घातलेला अडीच वर्षांचा मुलगा दिसतो आणि तेव्हा त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. १९१८ मध्ये मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराविषयीच्या एका अमेरिकन नियतकालिकाने चक्क उलटा सल्ला छापला: गुलाबी हा अधिक ठाम आणि जोरकस रंग असल्याने तो मुलग्यांना आणि निळा नाजूक असल्याने तो मुलींना शोभतो. १९२७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मोठ्या दुकानांचा एक तक्ता दिला, त्यात बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि क्लीव्हलँड येथील काही दुकाने मुलग्यांसाठी गुलाबी सुचवत होती.

या आधारावर ‘पूर्वी गुलाबी मुलग्यांचाच होता, नंतर अदलाबदल झाली’ असे सरसकट सांगितले जाते. ते मात्र मी सांगणार नाही. इटालियन मानसशास्त्रज्ञ मार्को देल जुदीचे यांनी २०१२ मध्ये लाखो छापील पुस्तकांतील उल्लेख तपासून दाखवले की मुलीला गुलाबी आणि मुलाला निळा हीच जोडी त्या काळातही अधिक वेळा आढळते. एकोणिसाव्या शतकातील एका गाजलेल्या अमेरिकन कादंबरीत जुळ्या बाळांपैकी मुलाला निळी आणि मुलीला गुलाबी फीत बांधली आहे आणि ती फ्रेंच पद्धत असल्याचे म्हटले आहे. म्हणजे दोन्ही प्रथा शेजारी-शेजारी नांदत होत्या, दुकानागणिक आणि गावागणिक बदलत होत्या. त्यातील एक पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधी सोहळ्यात त्यांच्या पत्नी मेमी गुलाबी पोशाखात आल्या आणि त्या रंगाची लाट आली. अमेरिकेतील पोशाखांचा इतिहास लिहिणाऱ्या जो पाओलेटी यांच्या मते रंगांची भिंत खऱ्या अर्थाने उभी राहिली ती १९८० च्या दशकात, सोनोग्राफीमुळे बाळ मुलगा की मुलगी हे जन्माआधीच कळू लागल्यावर. त्यामुळे आधीच खरेदी सुरू झाली आणि दुसऱ्या मुलासाठी पहिल्याचे कपडे वापरता येईनात, म्हणून खरेदी दुप्पट झाली. गुलाबी रंग पुरुषांच्या अवहेलनेसाठीही वापरला गेला. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. जो रंग माणसांनीच ‘मुलींचा’ म्हणून ठरवला, तो पुढे माणसांना लाज वाटावी यासाठी कामी आला.

आपल्याकडे तर ही भिंत अगदी अलीकडची आहे. तुमच्या वडिलांच्या लग्नाचे छायाचित्र घरात असेल तर पाहा. वऱ्हाडातल्या कितीतरी नवरदेवांच्या आणि व्याह्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा असतो. गावच्या निवडणुकीत निवडून आलेला उमेदवार गुलालाने माखलेला घरी येतो, कुस्ती जिंकलेल्या पैलवानावर गुलालच उधळतात आणि त्या वेळी कोणी त्याच्या पुरुषार्थाविषयी शंका घेत नाही. जयपूरचा कबड्डी संघ गुलाबी बनियनमध्ये मैदानात उतरतो आणि विजेतेपद घेऊन जातो. आपल्या शेजारच्या तेलंगणात एका मोठ्या राजकीय पक्षाचा झेंडा आणि उपरणी गुलाबी आहेत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अजित पवार यांची गुलाबी जाकिटे राज्यभर चर्चेत होती. आणि विदर्भातील कापूस उत्पादकाला विचाराल तर गुलाबी म्हटल्यावर त्याला आठवते ती बोंडअळी आणि तिने २०१७ मध्ये हातचे घालवलेले पीक. त्याच्या मनात या रंगाला कोणतेही लिंग नाही, फक्त नुकसान आहे.

तुमच्या वडिलांशी, म्हणजे मुलाच्या आबाजींशी, वाद घालण्यापेक्षा मुलाच्या देखत एवढेच म्हणा, ‘बाटली त्याने निवडली आहे, ती त्याच्याकडेच राहील.’ मग दुकानात जाऊन तीच बाटली परत आणा. शाळेत कोणी चिडवलेच, तर त्याने काय म्हणावे, हे घरी दोन-तीनदा म्हणवून घ्या: ‘मला हा रंग आवडतो.’ इतके छोटे वाक्य पुरते. चिडवणे थांबले नाही तर बाटली बदलण्याआधी वर्गशिक्षिकेला भेटा. आबाजींच्या मनात नातवाविषयी माया आहे, ती भीतीच्या रूपाने बाहेर पडली आहे. त्यांना नातवासोबत शाळेत सोडायला पाठवा, बाटली त्यांच्याच हातात द्या.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. माझ्या डोहाळजेवणाला नणंद आणि मैत्रिणी मिळून गुलाबी-निळ्या फुग्यांची सजावट करणार आहेत. पाहुण्यांनी ‘टीम मुलगा’ किंवा ‘टीम मुलगी’ यांपैकी एका रंगाचे बिल्ले लावायचे आहेत. सासूबाई आत्तापासूनच निळा बिल्ला लावणार म्हणून सांगत आहेत. मला हे नकोसे वाटते, पण सगळ्या हौसेने करत आहेत. मी अतिविचार करते आहे का?
— हिंगणा रोड

उत्तर : नाही. तुम्हाला जे खटकते आहे ते अगदी योग्य ठिकाणी खटकते आहे.

ही पद्धत जिथून आली आहे, तिथे पालकांना बाळाचे लिंग सोनोग्राफीत सांगितले जाते आणि समारंभात ते जाहीर होते. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग तपासणे आणि सांगणे हा गुन्हा आहे आणि तो कायदा का करावा लागला, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या समाजात मुली जन्माआधीच नाकारल्या गेल्या, त्या समाजात सातव्या महिन्यातल्या बाईसमोर माणसांनी दोन रंगांत विभागून उभे राहणे हा निव्वळ खेळ उरत नाही. निळ्या बाजूची गर्दी तुम्ही मोजणार, आणि मुलगी झाली तर ती मोजणी तुमच्या मनात राहणार.

आपल्या डोहाळजेवणातही अंदाजाचा खेळ आहेच: झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि होणाऱ्या आईने त्यातली एक उघडायची. त्यातही मुलगा की मुलगी हाच प्रश्न असतो, म्हणून तो फार निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यात निदान पाहुण्यांची बाजू ठरत नाही आणि दोन्ही वाट्यांत गोडच असते. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाळण्याची गाणी, एवढ्यात हौस पुरेपूर भागते. नणंदेला आधी एकटीला गाठून सांगा की बिल्ले नकोत, बाकी सारी सजावट चालेल, पिवळी, हिरवी, हवी तशी. तिच्यामार्फत गेलेला निरोप सासूबाईंना अधिक सहज पचेल. आणि बाळासाठी झबली-टोपडी आत्ताच घेत असाल तर जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची शिवून घ्या. त्या साडीचा जो रंग असेल तो बाळाचा.

प्रश्न : मी एका शाळेत पूर्वप्राथमिक विभाग सांभाळते. मुले फार दंगा करतात म्हणून वर्गखोल्यांच्या भिंतींना फिकट गुलाबी रंग द्यावा, त्याने मेंदू शांत होतो, असे एका सल्लागाराने सुचवले आहे. परदेशात तुरुंगांतही हा प्रयोग यशस्वी झाल्याचे तो सांगतो. हे खरे आहे का?
— एक शिक्षिका, सदर

उत्तर : प्रयोग झाला हे खरे आहे. यशस्वी झाला हे खरे नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अलेक्झांडर शॉस या अमेरिकन संशोधकाने असा दावा केला की विशिष्ट गुलाबी छटेकडे काही मिनिटे पाहिल्यास माणसाची आक्रमकता आणि स्नायूंची ताकदही कमी होते. १९७९ मध्ये सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या कारागृहात एक कोठडी त्या छटेने रंगवली गेली. कारागृहाचे प्रमुख असलेल्या बेकर आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांवरून त्या छटेला ‘बेकर-मिलर पिंक’ हे नाव पडले. पांढऱ्या रंगाच्या एका गॅलनमध्ये साधारण अर्धा लिटर लाल रंग मिसळला की ती छटा तयार होते. कैद्यांची भांडणे थांबली, असे अहवालात म्हटले गेले आणि बातमी जगभर पसरली. आयोवा विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी तर पाहुण्या संघाची कपडे बदलण्याची खोलीच गुलाबी करून टाकली.

या प्रयोगातील उणीव तुमच्यासारख्या अनुभवी शिक्षिकेच्या लगेच लक्षात येईल. कोठडी नव्याने रंगवली होती, पहारेकरी कैद्यांकडे अधिक लक्ष देत होते, काहीतरी चांगले घडणार अशी सर्वांचीच अपेक्षा होती, आणि तुलनेसाठी दुसऱ्या रंगाची तशीच कोठडी त्याच वेळी तपासलेली नव्हती. वर्गाला कोणताही नवा रंग दिला आणि त्या आठवड्यात सगळ्या ताई मुलांशी अधिक प्रेमाने बोलल्या, तर दंगा कमी होणारच. पुढे ओलिव्हर गेन्शो आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील तुरुंगात कैद्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे काहींना गुलाबी आणि काहींना पांढऱ्या कोठडीत ठेवून काटेकोर तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आक्रमकतेत काहीही फरक आढळला नाही.

रंगांचा मनावर परिणाम होतच नाही, असा याचा अर्थ नाही. भडक आणि गडद रंग उत्तेजित करतात, फिकट रंग तुलनेने कमी. गुलाबी म्हणजे पांढरा मिसळून फिकट केलेला तांबडा. तो सौम्य वाटतो त्याचे बरेचसे श्रेय त्या पांढऱ्याला आहे. फिकट हिरवा किंवा मोतिया रंगही तेच काम करील. त्यापलीकडे रंगाचा जो अर्थ आपण लावतो, तो शिकलेला असतो. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात शेरीफ जो आर्पायो यांनी पुरुष कैद्यांना गुलाबी अंतर्वस्त्रे घालायला लावली. शॉस यांच्या मते जो रंग शांत करणारा होता, तोच इथे लाजवण्यासाठी निवडला गेला.

तुमच्या वर्गापुरते सांगायचे तर रंगाचे पैसे दुसरीकडे लावा. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखालच्या खोलीत तीस-पस्तीस मुले दाटीने बसली की दंगा होणारच. छताला पांढरा उष्णतारोधक लेप, दोन जास्तीचे पंखे, आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर जाड कापडी फलक आणि दर चाळीस मिनिटांनी अंगणात मोकळे सोडणे, याचा परिणाम तुम्हाला आठवडाभरात दिसेल. आणि शाळेत कोठेही मुलींची रांग गुलाबी पट्टीवर आणि मुलांची निळ्या पट्टीवर अशी आखणी असेल, तर रंगकाम सुरू असतानाच ती पुसून टाका.

प्रश्न : बायकांचे गुलाबी रेझर पुरुषांच्या रेझरपेक्षा महाग असते, असे मैत्रिणी म्हणतात. यात तथ्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : तथ्य आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये सुमारे आठशे वस्तूंची तुलना केली तेव्हा स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या. आपल्याकडे खरेदी करताना दोन पाकिटे शेजारी ठेवून वजन किंवा नगांची संख्या पाहा आणि प्रति नग, प्रति ग्रॅम भाव काढा. अनेक पाकिटांवर तो छापलेलाच असतो. पाते तेच असेल तर पुरुषांचे रेझर बिनदिक्कत घ्या.

प्रश्न : माझे वय एकसष्ट आहे. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. येत्या महिन्यात भाचीचे लग्न आहे आणि मुलीने माझ्यासाठी गुलाबी रेशमी साडी आणली आहे. मला ती मनापासून आवडली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘या वयात, आणि आता, हा रंग बरा दिसतो का?’ साडी कपाटात ठेवून दिली आहे. हा प्रश्न मनाचा आहे की रंगाचा, हेच मला कळेनासे झाले आहे.
— रामदासपेठ

उत्तर : तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. या अंकातील सर्वांत जुनी बंदी तुमच्या पत्रात आहे. गुलाबी मुलींचा, ही गोष्ट बाजाराने अलीकडे शिकवली. पण बाईने कोणता रंग केव्हापर्यंत नेसावा आणि केव्हा सोडावा, हे आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवले. पाच वर्षांच्या मुलीवर जो रंग लादला जातो, तोच एकसष्टाव्या वर्षी तिच्याकडून काढून घेतला जातो, आणि दोन्ही वेळी तिला काय आवडते, हे विचारलेले नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद केल्या आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एक आख्खे गाव सभेत बसून हे करू शकते, तर तुमच्या घरातल्या चार माणसांना ते जड जाऊ नये. जाऊबाईंना दुष्ट समजू नका. त्यांनाही कोणीतरी हेच सांगितले असेल आणि त्यांनी ते पाळले असेल. त्यांना रागाने उत्तर देण्याची गरज नाही. ‘मुलीने प्रेमाने आणली आहे आणि मला आवडली आहे’ इतके सांगितले की पुरे.

शोक रंगात नसतो. यजमानांची आठवण तुम्हाला गुलाबी साडीतही येईल आणि पांढऱ्या साडीतही. लोक काय म्हणतील याची धास्ती पहिल्या अर्ध्या तासात सर्वांत जास्त असते, म्हणून लग्नघरी एकट्या जाऊ नका. मुलीला बरोबर घ्या आणि वरात येण्याच्या आधी, घरचीच माणसे असताना पोहोचा. ब्लाउज शिवायला टाकला नसेल तर या आठवड्यात टाका, लग्नसराईत शिंपी तारखा पाळत नाहीत.